वाणीने खरा ठरलेला : प्राचीन इजिप्तमधील मरणोत्तर न्याय आणि त्याची संहिता

प्राचीन इजिप्तविषयी फारसे वाचन नसलेल्या वाचकालाही एक चित्र परिचयाचे असते. दालनात मोठा तराजू उभारलेला आहे. एका पारड्यात मृताचे हृदय आहे, दुसऱ्यात माअत या देवतेचे पीस. कोल्हेमुखी अनुबिस तराजूचा ओळंबा स्थिर करतो आहे. इबिस पक्ष्याचे मुख धारण करणारा थॉथ लेखणी घेऊन निकाल नोंदवण्यास सज्ज आहे. आणि त्याच्यामागे मगरीचे तोंड, सिंहाचे पुढचे अंग व पाणघोड्याचे मागचे अंग असलेली अम्मित, म्हणजे भक्षिका, वाट पाहत बसली आहे. हे दृश्य सर्वत्र ज्या रूपात छापले जाते, ते बहुधा आनी नावाच्या लेखनिकाच्या पपायरसवरून घेतलेले असते. इ. स. पू. १२५० च्या सुमाराची ही गुंडाळी मुळात सुमारे २४ मीटर लांबीची होती. १८८८ साली वॉलिस बज यांनी ती ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवली आणि पुढे तिचे ३७ तुकडे करण्यात आले. आनी आणि त्याची पत्नी तुतू डावीकडून, पाठ किंचित वाकवून, या दालनात प्रवेश करताना दिसतात.

या दृश्याचा रूढ अन्वयार्थ सर्वांना ठाऊक आहे. माणसाचे मरणोत्तर भवितव्य त्याच्या कुळावर, संपत्तीवर किंवा राजाच्या कृपेवर अवलंबून न ठेवता त्याच्या नैतिक आचरणाशी जोडणारी ही मानवी इतिहासातील अगदी आरंभीची कल्पना, असे तिचे वर्णन केले जाते. हा अन्वयार्थ चुकीचा आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु तो चित्राचा अन्वयार्थ आहे. ज्या संहितेच्या सोबतीने हे चित्र येते ती वाचू लागले, की एक साधा प्रश्न पुढे येतो आणि तो टाळता येत नाही : हा निकाल लिहिला कोणी? थॉथने तो उच्चारला, देवसभेने त्यास संमती दिली, असे संहिता सांगते. प्रत्यक्षात तो आनीने जिवंतपणी मोल देऊन लिहवून घेतला. इतकेच नव्हे, तर त्याच्या गुंडाळीचे काही भाग आधीच तयार करून ठेवलेले होते आणि त्यांतील मोकळ्या जागांत त्याचे नाव मागाहून भरले गेले, असे अभ्यासकांचे मत आहे. अशा गुंडाळ्या शेकड्यांनी उपलब्ध आहेत. तराजू मृताच्या विरुद्ध गेल्याचे त्यांत दाखवलेले नाही. ज्या न्यायालयाचे निकालपत्र आरोपी स्वतःच सोबत घेऊन येतो आणि जिथे नावाची जागा कोरी ठेवता येते, त्या न्यायालयाला न्यायालय कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी दिलेले उत्तर दीर्घकाळ प्रभावी राहिले. इजिप्तमधील धर्मविचाराच्या विकासावरील आपल्या १९१२ च्या ग्रंथात आणि पुढे १९३३ मध्ये विवेकाच्या उदयावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी मांडले ते थोडक्यात असे : इजिप्तने नैतिक न्यायाची थोर कल्पना प्रथम निर्माण केली, आणि नंतर पुरोहितांनी जादूटोण्याच्या वचनांचा बाजार मांडून ती भ्रष्ट केली. या मांडणीत एक शुद्ध नीती आहे आणि तिच्यावर चढलेले यातूचे पुट आहे. पुट खरवडले की मूळ हाती लागते. आज ही मांडणी कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. तरीही तिच्यातील द्वैत टिकून आहे. एस. जी. एफ. ब्रँडन यांचा १९६७ चा तौलनिक ग्रंथ घ्या, किंवा जे. ग्विन ग्रिफिथ्स यांचा १९९१ चा घ्या. नीती कुठे संपते आणि यातू कुठे सुरू होते, या सीमारेषेची चर्चा तेथे पुन्हा पुन्हा येते. मला वाटते, प्रश्नाची जागाच बदलावयास हवी. इजिप्शियन वाङ्मयात दोषी ठरण्याची शक्यता असते की नसते, हे त्या त्या संहितेच्या वाङ्मयप्रकारावर ठरते. अंत्यसंस्काराच्या संहितेत ती नसते. बोधपर उपदेशात ती धमकीच्या रूपाने असते. आणि कथेत ती प्रत्यक्ष घडते. हे प्रकार परस्परांना ओळखून आहेत. त्यांना एकमेकांसमोर ठेवून वाचले, तर या संस्कृतीने न्यायाविषयी जे जाणले होते ते दिसू लागते, आणि ते ब्रेस्टेड यांना हवे होते त्यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. मृताच्या नावापुढे इजिप्शियन लेखात 'माअ-खेरू' ही उपाधी येते. आपण 'कैलासवासी' लिहितो त्या सहजतेने ती लिहिली जाते आणि पुष्कळदा तिचा अर्थही तितकाच झिजलेला असतो. शब्दशः पाहता तिचा अर्थ 'वाणीने खरा', ज्याचा आवाज खरा ठरला तो. मूळ क्षेत्र न्यायालयाचे आहे : वादात ज्याचे म्हणणे ग्राह्य धरले गेले तो पक्षकार. सेतविरुद्धच्या वादात ओसायरिस असा खरा ठरला, आणि प्रत्येक मृत हा ओसायरिस होत असल्याने प्रत्येक मृत असा खरा ठरतो. येथे 'माअत' या संज्ञेचाच एक घटक वाणीला चिकटलेला आहे. माअत म्हणजे सत्य, न्याय, विश्वाची आणि समाजाची योग्य घडी. तिचा विरोधी शब्द 'इस्फेत'. सूर्यदेव रा याची ती कन्या, आणि वजीर तिचा पुरोहित म्हणवला जाई. यान आस्मान यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात माअतचे वर्णन माणसांना परस्परांशी बांधून ठेवणारा न्याय असे केले आहे : एकाने केलेल्या कृतीला दुसऱ्याची कृती उत्तर देते, ऐकणे आणि बोलणे चालू राहते, तोवर माअत असते. या विवेचनात आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की या संस्कृतीत न्याय प्रथम कानांना आणि जिभेला कळतो.

दुसरी गोष्ट ऐतिहासिक आहे. प्राचीन राज्याच्या काळातील कबरींवरील लेखांत मरणोत्तर न्यायालयाचा उल्लेख येतो, पण तिथे मृत हा फिर्यादी असतो. माझ्या कबरीचा एखादा दगड जो उचलेल, अशुद्ध अवस्थेत जो आत येईल, त्याच्याशी महान देवासमोर माझा निवाडा होईल, अशा आशयाची ती ताकीद आहे. अपराध घडला, फिर्याद झाली, तरच ते न्यायालय बसते. त्याच कबरींच्या दर्शनी भागावर मृताचे आत्मवृत्त कोरलेले असते : भुकेल्याला भाकरी दिली, उघड्याला वस्त्र दिले. वाक्यरचना होकारार्थी, श्रोता येणारा-जाणारा जिवंत माणूस. या आत्मवृत्तांचा माअतच्या अंगाने मिरिअम लिख्टहाइम यांनी १९९२ मध्ये केलेला अभ्यास मुळातून पाहण्याजोगा आहे. पुढील सहस्रकाच्या प्रवासात या न्यायालयाची रचना पालटली. फिर्यादी आरोपी झाला, प्रासंगिक बैठक प्रत्येकाला अटळ अशी परीक्षा झाली, आणि होकारार्थी आत्मवृत्ताच्या जोडीला एक विलक्षण नकारार्थी वाङ्मय उभे राहिले.

ते वाङ्मय म्हणजे रिचर्ड लेप्सिउस यांनी १८४२ मध्ये ज्याला 'मृतांचा ग्रंथ' हे नाव दिले आणि १६५ अध्यायांत विभागले, त्यातील १२५ वा अध्याय. इजिप्शियन लोक स्वतः या संग्रहाला 'दिवसा बाहेर पडण्याची वचने' म्हणत. १८ व्या राजवंशापासून आढळणाऱ्या या अध्यायाचे शीर्षकच थबकायला लावते. दोन माअतांच्या दालनात पोचल्यावर काय म्हणावे हे येथे सांगितले असल्याचे ते नमूद करते, आणि उद्देश सांगते तो असा : अमुक याला त्याने केलेल्या सर्व दुष्कृत्यांपासून वेगळे करणे व देवांच्या मुखांचे दर्शन घडवणे. त्याने केलेल्या दुष्कृत्यांपासून! आणि शीर्षकाखाली सुरू होणारी संहिता ओळीमागून ओळ सांगत राहते, की त्याने ती केलीच नाहीत. शीर्षक कबुली देते, मजकूर इन्कार करतो. ही लेखनिकाची चूक नव्हे. एकाच पानावर शांतपणे नांदणारा हा विरोध म्हणजेच त्या संहितेची कार्यपद्धती आहे.

इन्काराच्या याद्या दोन आहेत. पहिली ओसायरिसला उद्देशून. तीत खून, खून करवणे, कोणाला रडवणे व उपाशी ठेवणे यांच्या शेजारी वजनात भर घालणे, तराजूच्या ओळंब्याशी खेळणे, शेताचे माप खोटे दाखवणे, वाहते पाणी अडवणे, बाळाच्या तोंडचे दूध काढणे, नोकराची धन्याकडे चहाडी करणे असे अपराध येतात. हा नाईलच्या काठचा, कालव्यांचा आणि धान्यमापनाचा समाज आहे. त्याच्या दृष्टीने पाणी अडवणे हे हिंसेच्याच पंक्तीतले. तराजूपुढे उभा राहिलेला माणूस प्रथम तराजूविषयीचाच अपराध नाकारतो, ही गोष्टही नजरेआड करू नये. दुसरी यादी ४२ देवतांना, एकेकीचे नाव व स्थान उच्चारून, एकेक अपराध नाकारत जाते. ४२ ही संख्या देशाच्या प्रांतांशी जोडली जाते. या दुसऱ्या यादीत वाणीचे आणि श्रवणाचे अपराध लक्षणीय आहेत : खोटे बोलणे, चोरून ऐकणे, आवाज चढवणे, शब्द वाढवणे, खऱ्या बोलण्याला बहिरे होणे. वाणीने खरे ठरण्याची ही परीक्षा आहे, तेव्हा वाणीची झडती सर्वांत कसून घेतली जाणार हे ओघानेच आले.

मात्र झडती घेतो कोण? आरोप कोणीही करीत नाही. ४२ देवतांपैकी एकही तोंड उघडत नाही. इन्कार आहे, पण ज्याचा इन्कार करावयाचा तो आरोप संहितेत कुठेच नाही. तो केवळ इन्काराच्या आकारावरून ताडावा लागतो. याउलट देवतांची नावे मृतच उच्चारतो, आणि नाव ठाऊक असणे म्हणजे त्या देवतेवर काही अधिकार असणे, हा विश्वास त्यामागे आहे. पुढे तर दरवाजाचे अवयव बोलू लागतात. चौकटीचे खांब, अडसर, उंबरा, प्रत्येक जण स्वतःचे नाव विचारतो आणि ते सांगितल्यावाचून आत सोडण्यास नकार देतो. जमीन म्हणते त्याचा आशय असा, की ज्या पावलांनी तू मला तुडवणार त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. आधुनिक वाचकाला हा भाग उतरणीचा वाटतो : एवढ्या उदात्त नैतिक घोषणेनंतर ही उखाण्यांची फैर कशासाठी? पण प्राचीन वाचकाच्या लेखी नैतिक घोषणा आणि दाराची प्रश्नोत्तरे एकाच कोटीतली होती. दोन्ही ठिकाणी योग्य शब्द योग्य जागी उच्चारता येणे हीच कसोटी. शेवटची विधिसूचनाही तेच सांगते : हे म्हणणाऱ्याने शुद्ध होऊन, स्वच्छ वस्त्रे व पांढरे पादत्राण घालून, डोळ्यांत काजळ व अंगाला उत्तम गंधरस लावून ते म्हणावे. रायनहोल्ड मेर्केलबाख प्रभृतींनी रोमन काळातील ग्रीक पपायरसांत जतन झालेल्या पुरोहितांच्या शपथेशी या नकारमालिकेचे साम्य दाखवले आहे. देवळाच्या दारात जिवंत पुरोहिताने घ्यावयाची शपथ आणि मृत्यूच्या दारात सामान्याने करावयाचा इन्कार यांची जडणघडण एक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे यातू आणि नीती यांतील भिंत बरीच पातळ होते. शपथ घेणारा पुरोहित ढोंगी असतो असे आपण गृहीत धरीत नाही.

येथे कोणी जे. एल. ऑस्टिन यांच्या कृतिरूप उच्चाराच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन म्हणेल, की १२५ व्या अध्यायातील नकार हे वस्तुस्थितीचे निवेदन नसून शुद्धीची कृती आहे. 'मी केले नाही' असे म्हणण्याने केलेले गळून पडते. हे काही प्रमाणात मान्य करता येईल आणि शीर्षकातील विरोध त्याने सुटतोही. अडचण अशी, की उच्चार एवढा समर्थ असता तर तराजूची आणि भक्षिकेची गरजच उरली नसती. संहितेला स्वतःच्या सामर्थ्याविषयी पूर्ण खात्री नाही, याचा पुरावा हृदयाविषयीच्या ३० ब या अध्यायात मिळतो.

हा अध्याय हिरवट दगडाच्या भुंगेऱ्यावर कोरून ममीच्या छातीवर ठेवला जाई. इतर अवयव काढले तरी हृदय देहातच राहू देण्याची प्रथा होती. स्मरणाचे व बुद्धीचे स्थान ते. मृत आपल्या हृदयाला, आईकडून मिळालेल्या हृदयाला, विनवतो : साक्षीदार म्हणून माझ्याविरुद्ध उभे राहू नकोस, तराजूच्या रक्षकासमोर मला विरोध करू नकोस, देवाजवळ माझ्याविषयी खोटे सांगू नकोस. हे वचन राजपुत्र होरजेदेफ याला मेनकाउरे राजाच्या काळी हर्मोपोलिस येथे देवाच्या पायांखाली सापडले, अशी त्याची प्राचीनता एका टीपेत सांगितली आहे. भीती कोणाची, हे आता उघड होते. ४२ देवता मौन आहेत. बोलू शकणारा एकच साक्षीदार आहे आणि तो आरोपीच्या छातीत आहे. मुख म्हणते 'केले नाही'. हृदय काय म्हणेल याचा भरवसा नाही. म्हणून वाणीला खरे ठरवण्यासाठी हृदयाचे मौन मागावे लागते. ज्याला मागाहून आपण सदसद्विवेक म्हटले, त्याचा या वाङ्मयातील एक सर्वांत तीव्र उल्लेख त्याला गप्प करण्याच्या विनवणीत यावा, ही विडंबना ब्रेस्टेड यांनाही जाणवली होती. त्यांनी तिला अधःपतन म्हटले. पण ज्याला साक्षीदाराची भीती वाटते त्याला साक्षीचे मोल कळलेले असते, असेही म्हणता येईल.

मराठी वाचकाला या ठिकाणी चित्रगुप्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण ते साम्य वरवरचे आहे. थॉथ वजनाचा निकाल लिहितो, जन्मभराची खतावणी ठेवत नाही. विचारांना अधिक चालना देणारी तुलना धर्मशास्त्रातील तुलादिव्याशी आहे. म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दिव्यांचे जे विस्तृत विवेचन केले आहे त्यात ते येते. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार तुलेवर चढलेला माणूस तुलेलाच संबोधतो आणि सत्य सांगण्याची, आपण पापी असल्यास खाली नेण्याची विनंती करतो. तेथे बोलण्याची विनवणी, येथे न बोलण्याची. संपर्काचा कोणताही दावा यात नाही. फरक एवढाच नोंदवावयाचा, की तुलादिव्याची संहिता निकाल उघडा ठेवते, कारण ती जिवंत माणसाच्या खटल्यासाठी रचलेली आहे. भुंगेऱ्यावरील संहितेला निकाल उघडा ठेवणे परवडणारे नव्हते.

जिवंतांच्या खटल्यात इजिप्तमध्ये काय होत असे, याचे एक चित्र योगायोगाने हाती आहे. नववा रामसेस याच्या १६ व्या वर्षी, इ. स. पू. १११० च्या आसपास, थीब्ज येथे अमुनपानेफर नावाच्या पाथरवटाने दिलेला जबाब दोन तुकड्यांत टिकला. त्यातील एक आज न्यूयॉर्कमध्ये आहे. दुसरा १९३५ मध्ये ब्रुसेल्स येथे झां कापार यांना एका लाकडी मूर्तीच्या पोटात सापडला. सोबेकेमसाफ राजाची कबर कशी फोडली, सोने कसे ओरबाडले, शवपेट्यांना आग कशी लावली, हे सारे अमुनपानेफर होकारार्थी क्रियापदांत सांगतो. असे जबाब हातापायांवर मार देऊन घेतले जात. पकडल्यावर आपल्या वाट्याचे २० देबेन सोने बंदराच्या लेखनिकाला देऊन आपण सुटलो आणि साथीदारांनी पुढे ती भरपाई करून दिली, हेही तो सांगून टाकतो. १२५ व्या अध्यायातील सर्व नकार येथे उलटे होऊन आपल्यापुढे येतात. पृथ्वीवरील न्यायालयात आवाज माराने काढला जातो आणि सोन्याने मिटवला जातो. ज्या दालनात आरोपीच एकटा, अखंड, कोणी न अडवता बोलतो, त्या दालनाची ओढ अशा समाजाला का वाटली असेल, हे यावरून थोडेफार उमजते.

आता उपदेशवाङ्मयाकडे. 'मेरिकारेसाठी उपदेश' या संहितेचा बोलविता धनी हेराक्लिओपोलिसचा राजा आहे. तिची हस्तलिखिते मात्र १८ व्या राजवंशाची, आणि प्रमुख हस्तलिखित सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. त्यात पिता पुत्राला बजावतो, की दीनांचा न्याय करणारी देवसभा त्या दिवशी मृदू नसते, वर्षांच्या लांबीवर विसंबू नये, आयुष्य त्यांना घटकेसारखे दिसते, आणि माणसाची कृत्ये त्याच्या शेजारी ढीग करून ठेवली जातात. या ढिगापुढे कोणतीही गुंडाळी उपयोगी पडेल असे सूचित होत नाही. ब्रेस्टेड यांना हवी असलेली निर्भेळ नीती ती हीच. पण याच उपदेशाच्या अखेरीस येणाऱ्या सृष्टिस्तोत्रात देवाने माणसांना घटनांचा आघात परतवण्यासाठी शस्त्र म्हणून 'हेका', म्हणजे यातुशक्ती, दिल्याचे सांगितले आहे. एकच लेखक, एकच संहिता. ढीगही आहे आणि शस्त्रही आहे. त्याला यात विसंगती दिसली नाही.

याच काळात कथानकाची चौकट ठेवणारी, परंतु १२ व्या राजवंशात रचली गेलेली, 'वाक्पटू शेतकरी' ही कृती या साऱ्या प्रश्नाचा गाभा उघड करते, असे माझे मत आहे. खूनअनुप हा वादी नत्रूनचा माणूस गाढवांवर माल लादून निघतो. वाटेत नेमतीनाख्त हा अधिकाऱ्याचा माणूस अरुंद पायवाटेवर कापड पसरतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सातूचे शेत. गाढव सातूचा एक घास घेते, आणि तेवढ्या निमित्ताने गाढवे हिरावली जातात. शेतकरी मुख्य कारभारी रेन्सी याच्याकडे दाद मागतो. त्याचे बोलणे इतके सुंदर असते, की रेन्सी ते राजाला कळवतो, आणि राजा आज्ञा करतो : उत्तर देऊ नको, म्हणजे तो बोलत राहील; त्याचे बोलणे लिहून घे. दरम्यान त्याच्या घरी धान्य पोचवले जाते आणि त्यालाही रोज भाकरी व मद्य मिळते, मात्र ते कोठून येते याचा त्याला पत्ता नसतो. त्याने नऊ वेळा दाद मागितली. मध्ये फटकेही खाल्ले.

ही कृती वाचताना वाचक एका अपराधात सामील होतो. शेतकऱ्याचे भाषण आपल्याला उपलब्ध आहे ते न्याय लांबवला गेला म्हणून. पहिल्याच अर्जावर गाढवे परत मिळाली असती, तर वाङ्मय उरले नसते. राजाला हवे होते तेच आपल्याला हवे आहे. आणि त्या भाषणात येते काय? तराजू. शेतकरी रेन्सीला सांगतो, की तूच तराजू आहेस. तुझी जीभ हा त्याचा ओळंबा, तुझे हृदय हे वजन, तुझे ओठ ही त्याची दांडी. मृताच्या दालनात ज्या तराजूवर आरोपीचे हृदय ठेवले जाते, तोच तराजू येथे न्यायाधीशाच्या देहात बसवला आहे आणि तोलले जाते आहे ते न्यायाधीशाचे हृदय. थॉथची लेखणी, पपायरस आणि दौत हाताळणाऱ्याने अन्याय करू नये, असेही तो बजावतो, आणि त्याच क्षणी पडद्यामागे कोणीतरी त्याचे शब्द पपायरसवर उतरवीत आहे. १२५ व्या अध्यायात शब्द वाढवणे हा अपराध आहे. या शेतकऱ्याला शब्द वाढवण्यावाचून दुसरा मार्ग ठेवलेला नाही. नवव्या अर्जात तो थकतो आणि म्हणतो, की आता मी तुझी फिर्याद घेऊन अनुबिसकडे जातो. तराजूचा ओळंबा धरणारा देव तो. जिवंत माणूस आपल्या न्यायाधीशाविरुद्ध मृत्यूच्या न्यायालयात फिर्यादी म्हणून जाण्याची धमकी देतो. प्राचीन राज्यातील कबरींवरचा तो जुना फिर्यादी येथे परत आला आहे. तेव्हा कुठे त्याला परत बोलावले जाते. आपल्याला ठार करणार या भीतीने तो येतो, आणि त्याच्यापुढे त्याचेच अर्ज नव्या गुंडाळीवरून वाचून दाखवले जातात. नेमतीनाख्तची मालमत्ता त्याला मिळते.

देवांचे न्यायालय स्वतः कसे चालते, याविषयीही कथा गप्प बसलेली नाही. पाचवा रामसेस याच्या काळातील आणि ॲलन गार्डिनर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चेस्टर बीटी पपायरसातील होरस व सेत यांच्या वादाची गोष्ट उपहासाच्या अंगाने जाते. खटला ८० वर्षे रखडलेला. अध्यक्षस्थानी असलेल्या सूर्यदेवाचा कल बलदंड सेतकडे. एका देवाने अपमान केला म्हणून तो रुसून उताणा पडतो आणि हाथोरने स्वतःला उघडे केल्यावर हसून कामावर परततो. अखेर ओसायरिस पाताळातून पत्र धाडतो : तुम्ही माअतला पाताळात बुडू दिलेत, माझ्या देशात कोणत्याही देवाला न भिणारे दूत आहेत, त्यांना पाठवले तर दुष्कृत्य करणाऱ्याचे हृदय ते घेऊन येतील. निकाल तत्काळ होरसच्या बाजूने लागतो. न्याय पाताळात गेला आहे, हे वाक्य तक्रारीचे आहे आणि भूगोलाचेही.

तराजू विरुद्ध गेलेला माणूस प्रत्यक्ष दाखवणारी सर्वांत विस्तृत इजिप्शियन कथा फार उशिरा, रोमन अमलात, डेमोटिक लिपीत येते. सेत्ने खाएमवासेत हा ऐतिहासिक दृष्ट्या दुसऱ्या रामसेसचा पुत्र आणि मेम्फिसचा पुरोहित. कथेत तो विद्वान आणि काहीसा भाबडा. त्याला दोन अंत्ययात्रा दिसतात. एका श्रीमंताची, आक्रोश आणि मानसन्मानांसह. एका गरिबाची, चटईत गुंडाळलेल्या, मागे कोणीही नसलेल्या. श्रीमंताचे भाग्य थोर, असे त्याच्या तोंडून निघते. त्याचा बालपुत्र सी-ओसायर म्हणतो, तुम्हाला त्या गरिबाची गती मिळो, आणि सेत्ने दुखावला जातो. मग मुलगा बापाला मृतांच्या दालनांतून नेतो. एका दाराची बिजागरी एका माणसाच्या उजव्या डोळ्यात रुतलेली आहे. दार उघडते-मिटते तसा तो ओरडतो. ओसायरिसजवळ तलम वस्त्रे ल्यालेला एक मान्यवर उभा आहे. बिजागरीखाली आहे तो श्रीमंत. वस्त्रे त्याचीच, पण आता ती गरिबाच्या अंगावर. येथे तराजूत सत्कृत्यांसमोर दुष्कृत्ये ठेवतात, आणि दुष्कृत्ये भारी ठरली तर माणूस खरोखर भक्षिकेच्या हवाली केला जातो. गाढवे मागून खात असताना दोर वळत राहणारी आणि अन्नासाठी व्यर्थ हात उंचावणारी माणसे या दालनांत दिसतात, त्यांत ग्रीक पुराणकथांची छटा अभ्यासकांनी ओळखली आहे. ह्यूगो ग्रेसमन यांनी १९१८ मध्ये लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत व लाजरस यांच्या दृष्टान्ताशी या कथेचा संबंध जोडला.

गरिबाजवळ गुंडाळी नव्हती. छातीवर भुंगेरा नव्हता, दारांची नावे सांगणारा अध्याय नव्हता. त्याने तोंड उघडल्याचेही कथा सांगत नाही. ती ज्या पपायरसवर उतरवली गेली, त्याच्या दुसऱ्या बाजूस क्लॉडिअस बादशहाच्या ७ व्या वर्षाचे, म्हणजे इ. स. ४६-४७ मधील, ग्रीक भाषेतील कारभारी दस्तऐवज आहेत. काम संपलेले कागद कोणीतरी उलटवले आणि पाठकोऱ्या बाजूवर ही कथा लिहिली.